आईचा वाटा

९ जून

अर्ज भरला. अंधारात लिहितेय, म्हणून अक्षर असं.

भामरागडहून पहाटेची एसटी, आलापल्लीला बदल, मग चंद्रपूरच्या अलीकडे उतरलो. बाबांनी पूर्ण प्रवास पिशवी मांडीवर धरून केला. पिशवीत माझे दाखले आणि शिदोरीचा भात, पण धरली अशी की आत अंडी आहेत.

कॉलेज छोटंसं. तीन बैठ्या इमारती, एक प्रार्थनाघर, मागे सीताफळाची झाडं, बाजूला सिस्टर लोकांचा दवाखाना. प्राचार्य म्हणजे सिस्टर ग्रेस. मला वाटलं इंग्रजीत विचारणार. मराठीतच विचारलं, "इथेच का यायचंय?" पाठ केलेलं सगळं विसरले. खरं तेच सांगितलं. आईला ताप होता तेव्हा आम्ही तुमच्या दवाखान्यात राहिलो होतो. खिडकीतून कॉलेजच्या मुली दिसायच्या, नळावर कपडे धुताना हसायच्या. आई म्हणाली होती, "सोमी, तू बी इथीच शिकजो." तेव्हा आई बरी होऊन चालत घरी गेली. पुढच्या पावसात पुन्हा ताप आला आणि नदीने रस्ता धरला, त्या वेळी नाही वाचली.

सिस्टरने ऐकून घेतलं. मग अर्जात धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे इतर लिहू?"

मी म्हटलं, "इतर कसे? आम्ही तर पहिलेपासूनच आहोत."

बाबांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. सिस्टर हसल्या. पुढे काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

१० जून

परतीच्या गाडीत बाबांनी अट घातली. आम्ही आपसात माडियात बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"शिक. पण देव नको बदलू. तू एकटीच पोरगी. तू तिकडची झाली त आईले कोणाच्या हातचं पोचन?"

आमच्या घरी जेवताना पहिला कण जमिनीवर, गेलेल्याच्या नावाने. आईच्या नावाचा मी टाकते. बाबा टाकत नाहीत, लेक असताना लेकीच्याच हातचा. वचन दिलं. कोण मागतंय माझा देव, असं मी म्हटलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

२४ जून

घेतलं. भामरागडच्या किराणा दुकानात कॉलेजचा फोन आला होता, दुकानदाराने बाजाराच्या दिवशी बाबांना सांगितलं. मला खरं वाटेना. दोनदा विचारलं, नाव काय म्हणाले? माझंच.

आईच्या दगडापाशी जाऊन सांगून आले. गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली आहे तिचा दगड, तिच्या नावाने गेल्या साली उभा केला. पाऊस नव्हता तरी दगड ओला होता. सकाळचं दव असेल.

१२ जुलै

पोचले. आठ दिवस उशिरा. पुलावरून पाणी, पलीकडे मी, अलीकडे कॉलेज.

खोलीत मिताली आहे. मुलचेऱ्याकडची, त्यांच्या गावात सगळे बंगाली. आजोबा पूर्व बंगालातून आले, ती इथलीच. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सिस्टरने सब नियम सांगितले, तू मिस केली."

"काय काय होते?"

"घंटी, आंघोळ, मोबाईल, ड्रेस. और कुछ था, आठवून नाई राह्यलं."

धक्के आजचे: पाणी नळाला दिवसभर. ग्रंथालयाला कुलूप नाही. जेवणाआधी सगळ्या उभ्या राहून देवाचे आभार मानतात, आणि मेलेल्यांना काही नाही. थेट जेवायला बसतात. गेलेल्यांना यांच्याकडे भूक लागत नाही काय?

१९ जुलै

मेसच्या बाई ओरडल्या. "खाली सांडू नको, मुंग्या होते." मी सांडत नव्हते. आता टेबलाखाली हळूच टाकते. मितालीला कळलंय. जेवण झालं की ती चप्पल शोधायचं निमित्त करून वाकते आणि कागदाने तो कण उचलून बाहेर सीताफळाखाली ठेवून येते. मी सांगितलं नव्हतं. चांगली पोरगी.

इंग्रजीचा तास डोक्यावरून जातो. इतिहासाचा जात नाही. मजेत आहे. आईला हे रोज सांगते.

३ ऑगस्ट, रविवार

काय झालं तेच मला नीट माहीत नाही. क्रमाने लिहिते.

आज कॉलेजच्या संताचा सण. धर्म कोणताही असो, सगळ्या मुली प्रार्थनाघरात. मागच्या बाकांवर गावातली ख्रिस्ती माणसं. पेटी वाजत होती. मधेच बरेच जण उठले, रांग लागली. पुढे फादर उभे. म्हातारे आहेत, तरुणपणी केरळातून आले ते इथलेच झाले, डोळ्यांत मोतीबिंदू. एकेकाच्या हातावर पांढरी पातळ चकती ठेवत होते.

मिताली बसूनच. मला तिचा राग आला. आमच्या गावात पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, पूजेनंतर वाटा देत असेल आणि कोणी बसून राहिलं, तर तो अपमान. देणाऱ्याचाही आणि देवाचाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला येऊन तोंड फिरवायचं काय? मी उठले. मितालीने ओढणी धरली. मला वाटलं, तिलाही पुढे यायला वाट हवी.

फादर काहीतरी पुटपुटले, चकती हातावर ठेवली. मी बाजूला झाले. कण मोडला, पायाजवळ जमिनीवर टाकला, आईचं नाव घेतलं. उरलेलं तोंडात टाकलं. चव काहीच नाही.

पेटी थांबली. मागून कोणी बाई रडल्यासारखं बोलली.

फादर खाली आले. एका हाताने बाक धरून गुडघे टेकले, माझ्या पायाशी. बोटाने फरशी चाचपत राहिले, दिसत नव्हतं त्यांना. कण सापडला. बोटाला चिकटवून त्यांनी तो तोंडात घातला. मग ओलं फडकं मागवून तेवढी फरशी पुसली, पुन्हा पुसली.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फादरांकडे. तो आईचा वाटा होता. जमिनीवर ठेवलेला वाटा जिवंत माणूस उचलत नाही. आमच्याकडे कुत्र्यालाही हाकलतात. आणि त्यांनी खाल्ला.

४ ऑगस्ट

सि. ग्रेसने बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "सोमी, त्या चकतीत आमचा देव असतो. निशाणी म्हणून नाही. खरोखर."

मी म्हटलं, "म्हणजे मी तुमचा देव खाल्ला?"

त्यांनी मान डोलावली.

"आणि मोडून खाली टाकला?"

"ज्यांना बाप्तिस्मा दिलाय त्यांनीच घ्यायचं असतं. बाकीच्यांनी बसून राहायचं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना."

"पहिल्या दिवशी पुलावर पाणी होतं."

सिस्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मग चूक आमची. पण कॉलेजच्या कमिटीतले लोक चिडलेत, मुलीला काढा म्हणतात. मला ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. मनात एकच: बाबांना दिलेलं वचन मोडलं की राहिलं? दुसऱ्याचा देव पोटात गेला तर माणूस कोणाचं होतं? आणि सर्वांत मोठं ते मी विचारलं, "सिस्टर, फादरनं माझ्या आईचा वाटा काऊन खाल्ला?"

सिस्टरने चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी ते तसं पाहिलंच नव्हतं. म्हणाल्या, "हे तू त्यांनाच विचार."

५ ऑगस्ट

फादर ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. विचारलं.

"कोणाचा वाटा?"

सांगितलं. चोळता हात थांबला.

"मी समजलो पोरीच्या हातून पडला. आमचा देव पायाखाली राहू द्याचा नसते. म्हणून उचलला."

"तिथी आई होती."

"तिथी देव होता, बाई."

 कावळा येऊन तेलाच्या वाटीजवळ बसला, त्यालाही कोणी हाकललं नाही. मग फादर म्हणाले, "मले माहीत नव्हतं, सोमी. कोणाच्या तरी आईसमोरचं ताट ओढलं मी." डोळे पुसले. मोतीबिंदूचं पाणी असेल, तसं नसेलही. मी त्यांच्यावर रागवायला आले होते हे आठवलं, पण राग सापडेना.

९ ऑगस्ट

बाजाराचा दिवस. बाबांनी भामरागडहून फोन केला. खोटं बोलायचं ठरवलं होतं. आवाज ऐकला आणि सगळं सांगून बसले.

"तू खाल्लं?"

"पहिले आईले दिलं, मग खाल्लं."

"मग?"

"फादरनं तिचा वाटा उचलून खाल्ला."

बाजाराचा गोंगाट ऐकू येत होता, बाबा नाही. मग फोन कट. रेंज गेली की बाबांनी ठेवला, माहीत नाही.

मेसमध्ये आज कण टाकला तर असं वाटलं की खाली घ्यायला कोणी नाही.

२३ ऑगस्ट

तिकडे पूर. फोन नाही, गाडी नाही.

इकडे कमिटी. नुसतं "बघू, ठरवू" चाललंय. पोरी माझ्या बाकावर बसत नाहीत. एकीने विचारलं, तू खरंच जादू करते काय? मी म्हटलं, हो, तुला बेडूक करू? ती खरंच पळाली. हसू आलं नाही. मिताली माझ्याशेजारीच बसते, तिच्याशीही कोणी बोलत नाही आता.

७ सप्टेंबर

बाबा आले. फाटकाशी उभे, चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. पाणी उतरायची वाट न बघता लाकडी डोंग्यातून नदी ओलांडून आले.

गावाची बैठक झाली म्हणाले. काका म्हणत होता, पोरगी गेलीच, सोडा. पेरमा म्हणाला, नाही, तिने आधी आईला दिलं, मग ती गेली नाही. पण आई उपाशी उठली. पुढ्यात वाढलेलं दुसऱ्याने खाल्लं. आता ती दुसऱ्या कोणाच्या हातचं घेणार नाही, सोमीच्याही नाही. ज्याने खाल्लं त्यानेच यायचं, स्वतः रांधून तिच्या दगडापाशी तिला जेवू घालायचं. नव्या धानाच्या सणाआधी. तोवर मी आईला काही द्यायचं नाही, आणि घरात नवं धान शिजणार नाही.

"अन् तो नाई आला त?"

"त तू घरी चाल. इथचं झालं."

महिनाभर मी टेबलाखाली जे टाकत होते ते कोणालाच पोचत नव्हतं. हे ऐकून बसले ते दुपारी उठले.

बाबा फादरांना भेटले. एक जण माडिया मिसळून बोलत होता, एक मल्याळी मिसळून. मी मधे. फादरांनी शेवटी इतकंच विचारलं, "भात चालन काय? मले बाकी काई येत नाई."

"भातबी येते काय?" बाबांनी विचारलं.

"नाई."

१५ सप्टेंबर

फादरांनी वर, बिशपकडे, विचारलं होतं. वरून नाही आलं. आपल्या फादरने कोणाच्या दगडापुढे बसून पूजा करायची नाही. सि. ग्रेसनेच मला सांगितलं, डोळे खिडकीकडे ठेवून. त्या म्हणाल्या, "त्यांचंही बरोबर आहे, सोमी. तुझंही आहे. मला काही सुचत नाही." एवढ्या मोठ्या बाईला काही सुचत नाही, याचा मला जास्त धक्का बसला.

सामान बांधायला काढलं. मितालीने परत कपाटात भरलं.

१९ सप्टेंबर

मेसच्या मागे धूर दिसला. जाऊन बघते तर तीन दगडांच्या चुलीपुढे फादर उकिडवे, फुंकणी हातात, डोळ्यांतून धारा. मेसच्या बाई शेजारी उभ्या राहून शिकवताहेत. "फादर, पाणी जास्त झालं. हे भात नाई, हे पेज झाली."

पहिल्या भांड्याची पेज, दुसरं करपलं. मी लांबून म्हटलं, "वरून नाही म्हटलंय ना?"

"पूजा करू नको म्हटलं. मी पूजा कुठी करून राह्यलो? मी भात करून राह्यलो."

मी तिथेच खाली बसून रडले. बाईंनी मला पाटा दिला, म्हणाल्या, रडत राहा पण चटणी वाट.

२७ सप्टेंबर

गावात आहे. सगळं झालं, आणि झालं की नाही ते कोणालाच कळलं नाही.

सि. ग्रेस म्हणाल्या होत्या, परवानगी मी देऊ शकत नाही. मग स्वतःच गाडीत पुढे बसल्या. रस्ता गेलेला होता तिथून फादर काठी टेकत, घ्यायला आलेल्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवून चालले. अर्ध्या वाटेवर बाबांनी त्यांना पाठीवर घेतलं. गावातली पोरं झाडांवर चढून बघत होती.

आईच्या दगडासमोर चूल मांडली. फादरांनी तांदूळ धुतले, फुंकलं, खोकले, पुन्हा फुंकलं. अख्खं गाव गोल बसून एका म्हाताऱ्याचा भात शिजताना बघत होतं. कोणी हसलं नाही. बायका मात्र आपसात कुजबुजल्या, पाणी बरोबर घातलं म्हणून.

पळसाच्या पानावर भात वाढला, हाताने, गरम होता तरी. पेरमाने खूण केली, बोल. फादर दगडाकडे बघून म्हणाले, "बाई, मले माहीत नव्हतं. आता जेव." बाकी काही नाही. हात जोडले नाहीत, क्रूसाची खूणही केली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मग पेरमाने कोंबडीचं पिल्लू सोडलं. पिलाने पानावरचा भात टिपला की आई जेवली. नाही टिपला तर नाही. हे लहान पोरालाही माहीत आहे.

पिल्लू पानाजवळ गेलं. बघितलं. मान वाकडी केली. पानाला वळसा घातला, दगडाला वळसा घातला, आणि फादरांच्या मांडीवर चढलं. त्यांच्या बोटांना शितं चिकटली होती. ती टिपायला लागलं. एकेक करून सगळी टिपली. फादरांनी श्वास रोखून धरला होता. पानावरच्या भाताला पिलाने चोचही लावली नाही.

पेरमाचं तोंड उघडं राहिलं. एवढा म्हातारा माणूस, त्याला मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "असं कधी झालं नाई."

बाबा म्हणाले, "जेवली. त्याच्या हातचंच जेवली."

काका म्हणाला, "आमच्या पानावरचं सोडून त्याहिच्या अंगावर गेली. म्हंजे आता ती तिकडची."

दोघांचे आवाज चढले. बायका मधे पडल्या. फादरांना काही दिसलं नव्हतं, फक्त बोटांना चोच लागलेली कळली होती. त्यांनी माझा हात चाचपत धरला आणि विचारलं, "सोमी, जेवली काय तुझी आई?"

मी त्यांची बोटं चाचपली, एकही शीत उरलं नव्हतं.  पेरमाने सांगितलं, आजूबाजूच्या गावांतले जुने लोक बोलावतो, बैठक घेतो, मग सांगतो. कधी ते बोलला नाही.

२८ सप्टेंबर

गाडी रस्त्यापलीकडे उभी आहे. फादर आणि सि. ग्रेस रात्री आश्रमशाळेत राहिले. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. उद्या कमिटी बसणार, त्यात मी समोर असले तर बरं, म्हणाल्या. घाई करत नाही, असंही म्हणाल्या. तिसऱ्यांदा येतील आता.

बाबा म्हणाले, जाणार असशील त जेवून जा. जुन्या धानाचा भात केला, वर मोहाच्या वाळवलेल्या फळांची, टोळीची भाजी. ताट वाढून समोर बसले.

मी विचारलं, "आईले देऊ काय?"

बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. टाक म्हणत नाहीत. नको म्हणत नाहीत. काल एवढ्या लोकांत जेवली म्हणून भांडले, आणि आज माझ्या हाताकडे बघताहेत, जमिनीकडे बघताहेत. जेवली असेल तर माझ्या हातचंही आता घेईल. नसेल जेवली तर हा घास आज कुठे जाईल? एवढंच कोणीतरी सांगा. कॉलेजचं मग बघू.

बाहेर गाडीचं दार वाजलं. सिस्टर येताहेत.

भात निवतोय. वही मांडीवर आहे. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. उजव्या हातात पहिला घास आहे.